धसईच्या बारकूची फेरलढत

धसईचा बारकू शहापूरच्या रिंगमध्ये आडवा झाला तो संजूच्या ठोशाने की घरच्या गॅसने, यावर अख्ख्या मुरबाड तालुक्यात वाद झाला. खरं सांगायचं तर दोघांचाही वाटा होता.

बारकू भाताच्या गिरणीवर पोती उचलायचा आणि संध्याकाळी एसटीने मुरबाडला दिनेश सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंगला जायचा. हात लांब, पाय चपळ, स्वभाव गरीब. तालुक्यात त्याला हरवणारा कोणी उरला नव्हता, म्हणून सरांनी त्याला शहापूरच्या स्पर्धेत उतरवला. समोर होता उंबरमाळीचा संजू, जीप चालवणारा, डावखुरा आणि आडदांड.

त्या दिवशी बारकूची बायको निर्मला पहिल्यांदाच लढत बघायला आली होती. निर्मला धसईच्या बाजारात भाजी विकायची. तिने "वांगी घ्या" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या माणसालाही ती घ्यावी लागत. दुसऱ्या फेरीपर्यंत बारकू पुढे होता. मग दोघे बॉक्सर एकमेकांचा अंदाज घेत जरा थांबले, सभागृह शांत झालं आणि नेमकं तेव्हाच निर्मलाला आठवलं.

"अवो! निघताना गॅस बंद केला का?"

दूध बारकूनेच तापत ठेवलं होतं. त्यामुळे प्रश्न रास्त होता. बारकूने मान वळवली, डोळे बारीक केले आणि शेगडीचं बटण डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. बटणाऐवजी डोळ्यांसमोर संजूचा डावा हात आला.

पंच दहापर्यंत मोजत होते. बारकू छताकडे बघत पडला होता. आकडे संपले तेव्हा त्याचा चेहरा एकदम उजळला आणि दातांतल्या रबरामधून तो म्हणाला, "हेला होता."

केला होता. गॅस बंदच होता.

हे सगळं कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धसईच्या स्टँडवरचा कंडक्टर बारकूला तिकीट देताना म्हणाला, "पुढं सरका. आणि गॅस बंद केला का?" गिरणीवर तेच, न्हाव्याकडे तेच. एका लग्नात तर भटजींनी अंतरपाट धरताना त्याच्याकडे बघून ओठ दाबले. पुढच्या स्पर्धांना त्याला कोणी बोलावेना. आयोजक म्हणत, "लोक हसतील हो, सर." शेवटी दिनेश सरांनी त्याला पोरांचे ग्लोव्हज उन्हात वाळत घालायचं काम दिलं. बारकू ते मन लावून करायचा.

"माझंच चुकलं," निर्मला एकदा म्हणाली.

"तुझं काय चुकलं गो? दूध मीच ठेवलेलं. वळलो पण मीच."

"मग तोंड पाडून बसता कशाला?"

बारकू उठून म्हशीला वैरण टाकायला गेला.

भातकापणी आटपल्यावर एका दुपारी त्यांच्या अंगणात जीप थांबली. आतून संजू उतरला. बारकू उठून उभा राहिला आणि सवयीने हात वर घेतले.

"खाली घे रे हात," संजू म्हणाला. "मी रडायला आलोय."

आणि खरोखरच तो ओट्यावर बसून रडवेला झाला. त्याचंही जिणं हराम झालं होतं. जिंकलेली ढाल घरी ठेवली तर येणारा जाणारा विचारी, "ही गॅसवाली काय?" जीपमध्ये बसणारी माणसं त्याला 'सिलिंडर' म्हणत. सख्खा मामा म्हणाला होता, "भाचा जिंकला नाय, बारकूच्या बायकोनं जिंकवला."

"मी चांगला मारला होता रे," संजू म्हणाला. "ठोसा चांगला नव्हता का? तूच सांग."

"एक नंबर होता," बारकू मनापासून म्हणाला. "दोन दिवस चावता येत नव्हतं मला."

"हे तू लोकांना सांग ना!"

"माझं कोण ऐकतंय?"

निर्मला चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि म्हणाली, "मग परत खेळा की."

दिनेश सरांनी मुरबाडला सभागृह ठरवलं, जिल्ह्याचे पंच बोलावले. आता प्रश्न तयारीचा होता. संजूचा डावा हात बारकूला ठाऊक झाला होता. धास्ती लोकांची होती, कारण सभागृहातला प्रत्येक माणूस तोच एक प्रश्न ओरडणार हे नक्की होतं. तेव्हा निर्मलाने तयारी आपल्या हातात घेतली. बारकू झाडाला टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारू लागला की ती मागून ओरडायची.

"अवो, म्हैस सुटली!"

बारकू मारत राहायचा.

"एसटी चालली! तुमचा भाऊ आला! पँट फाटली!"

पँटीला बारकू पहिल्या दिवशी फसला. दुसऱ्या दिवशी नाही. एकदा म्हैस खरंच सुटली आणि शेजाऱ्यांच्या वाळवणातून आरामात फिरून आली, तरी बारकू पोतं बडवत राहिला. त्या दिवशी सगळ्या आळीची बोलणी खाऊनही निर्मला खूश होती. "तयार झालात," ती म्हणाली.

फेरलढतीला सभागृह खच्चून भरलं. पहिली घंटा वाजली आणि अपेक्षेप्रमाणे शेकडो गळे एका सुरात ओरडले, "गॅस बंद केला काऽऽ?" बारकूची पापणीही हलली नाही. तो संजूच्या खांद्याकडे बघत होता, आणि खांदा हलला की बाजूला होऊन मारत होता. दोनतीनदा ओरडून लोकांना कळलं की इकडे काही लागू पडत नाही. मग ते लढत बघू लागले. लढत बघण्यासारखी होती. संजूही ऐकणारा नव्हता. पहिली फेरी बारकूची, दुसरी संजूची.

तिसऱ्या फेरीच्या मध्यावर संजूच्या बाजूने एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. ती त्याची आई सकुबाई.

"संजूऽ! टाकीची मोटर बंद केलीस का रे?"

संजूने मान वळवली. जबडा उघडा, हात खाली, डोळे वर कुठेतरी.

बारकूचा उजवा हात निम्म्या वाटेवर होता. त्याने तो तिथेच थांबवला. त्या क्षणी त्याला संजूच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते जगात त्याच्याइतकं कोणालाच ओळखीचं नव्हतं.

"आथव," तो रबरातून म्हणाला. "नीत आथव."

"मार!" दिनेश सर कोपऱ्यातून किंचाळले.

"थांबा ओ सर, त्याला आथवू दे!"

पंचांनी हात आडवा घातला. "काय चाललंय?"

संजू पांढरा पडला होता. "नाय केली," तो म्हणाला.

पंचांनी परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं, टेबलाने पंचांकडे. नियमांत मोटरीबद्दल काहीच नव्हतं. पंच स्वतः खेड्यातलेच होते, त्यांच्याही घरी टाकी होती. त्यांनी घड्याळ थांबवलं. सकुबाईने शेजारणीला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. अख्खं सभागृह श्वास रोखून ऐकू लागलं.

"हिरी, आमची मोटर बघ गो!"

"बघायची काय!" पलीकडून हिरी ओरडली. "अंगणात तळं झालंय! तुमचा कोंबडा चुलीवर चढून बसलाय!"

"बंद कर आधी!"

पाणी तुडवत जाणारी पावलं ऐकू आली. मग खटका वाजला. "झाली बंद!" हिरी म्हणाली आणि सभागृहाने एवढ्या टाळ्या वाजवल्या की तेवढ्या कुठल्याच ठोशाला मिळाल्या नव्हत्या.

"आता डोकं ठिकाणावर?" बारकूने विचारलं.

"आहे," संजू म्हणाला. "ये."

आणि मग दोघांनी उरलेला वेळ असा काही खेळ केला की ओरडणारे ओरडायचं विसरले. शेवटी संजूचा डावा हात सुटला, बारकू त्याच्या खालून गेला आणि वर येता येता त्याने उजवा असा दिला की संजू दोरावर टेकला. पंचांनी मोजायला सुरुवात केली. आठाला संजू उभा राहिला, पण घंटा झाली. निकाल बारकूच्या बाजूने लागला, तिन्ही परीक्षकांचा.

संजूने त्याला मिठी मारली. "नीट हरलो रे," तो आनंदाने म्हणाला. "आता कोण काय बोलतोय बघू."

जिल्ह्याच्या निवड समितीचे एक गृहस्थ खाली बसले होते. त्यांनी दिनेश सरांना बाजूला घेतलं. "हा पोरगा शंभर माणसं ओरडली तरी हलत नाही," ते म्हणाले. "असा माणूस आम्हाला हवाय." ठाण्याच्या संघात बारकूचं नाव लागलं. ग्लोव्हज वाळत घालायला सरांनी दुसरा माणूस शोधला.

त्या हिवाळ्यात बारकू चार ठिकाणी खेळला. नाशिकला हरला, बाकी जिंकला. सरावाला संजू जीप घेऊन मुरबाडला येऊ लागला, आणि परतताना निर्मलाची उरलेली भाजी उंबरमाळीला नेऊन विकू लागला. वांगी मात्र त्याच्याकडून कोणी घेईना. त्याला निर्मलाचा तो आवाज काही जमत नव्हता.