सूर्याकडे पाठ करून

मी एक जुना बुटांचा खोका आहे, मित्रांनो. राहायला सिंगापूरमधल्या बिशानच्या एका फ्लॅटमध्ये. माझ्या एका बाजूला सुईने पाडलेलं बारीक भोक आहे, त्याच्याशेजारी आत डोकावायला मोठं भोक, आणि समोर आतून पांढरा कागद. बाकी सगळा काळोख.

मला श्रियाने शाळेसाठी बनवलं. खिडकीकडे पाठ करून तिने आत डोकावलं, तर कागदावर समोरची इमारत उमटलेली, रंगांसकट, पण उलटी.

"प्रकाश सरळ रेषेत जातो," तिचे बाबा निशिकांत म्हणाले. "वरच्या मजल्यावरचा किरण भोकातून येऊन खाली पोचतो, खालचा वर."

तिने बारीक भोक थोडं मोठं केलं. उजेड वाढला, पण चित्र पुसट झालं. मग ते बुजवून सुईने नवं भोक पाडलं. शाळेत माझं खूप कौतुक झालं.

पुढे सूर्यग्रहण आलं. पुण्याहून आलेल्या दीनानाथ आजोबांना घेऊन ती खाली मैदानात गेली.

"यातून कसं बघायचं गं?" त्यांनी विचारलं.

मैत्रिणी हाका मारत होत्या. "भोकातून बघा, आजोबा. ईझी लाह," असं इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणत ती पळाली.

सूर्याकडे पाठ करायची, हे सांगायचं राहिलं. आजोबांनी माझं झाकण काढलं, मोठ्या भोकाला आतल्या बाजूने उजवा डोळा लावला आणि थेट सूर्याकडे बघत राहिले. मी त्यांना अडवू शकलो नाही.

संध्याकाळी त्यांना पेपरातल्या अक्षरांवर काळा ठिपका दिसू लागला. नोव्हेना भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या भिंगाने सूर्याचा प्रकाश आतल्या पडद्यावर गोळा केला, तिथे इजा झाली आहे. थोडी भरून येईल, सगळी नाही.

श्रियाने मला पलंगाखाली ढकललं. कुणी न सांगता ती आजोबांना रोज पेपर वाचून दाखवू लागली, पण त्यांच्याकडे बघणं टाळायची. मलाही स्वतःची लाज वाटायची.

एका दुपारी आजोबांनीच मला बाहेर काढलं.

"आजोबा, नको," श्रिया रडू लागली. "मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही."

"नाही सांगितलंस," ते शांतपणे म्हणाले. "आता सांग."

तिने त्यांना खिडकीकडे पाठ करून उभं केलं. एकेक गोष्ट सावकाश, मराठीत सांगितली. आजोबांनी डावा डोळा लावला.

"झाडं खाली डोकं वर पाय," ते म्हणाले. तिचा हात त्यांनी धरूनच ठेवला होता.

ठिपका अजून आहे. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुणाच्या हाती दिलीत, तर मैत्रिणींना थोडं थांबवा, आणि दोन वाक्यं जास्त बोला.