लखमाच्या भाकरीचे तीन कोन

साखऱ्याजवळच्या आमच्या गावात हरिचंद मास्तर भूमिती शिकवायचे ती शिळ्या भाकरीवर. आधी पोरं त्रिकोण दिसला की जांभया द्यायची. मग मास्तरांनी खेळ काढला. भाकरीचा त्रिकोण कापायचा, त्याचे तिन्ही कोन मास्तरांनीच मोजायचे, कोपरे तोडून पाटीवर ठेवायचे. पोरांनी भिंतीकडं तोंड करायचं. मास्तर ज्याच्या पाठीवर थाप देतील त्यानं गुपचूप एक कोपरा खायचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांचे अंश मास्तर मोठ्यानं सांगणार. ते एकशेऐंशीतून वजा करून पोटात गेलेला कोन जो आधी सांगेल, उद्याची भाकरी त्याच्या घरची. पोरं सुट्टीतबी हेच खेळू लागली.

महारवाड्यातला लखमा दाराबाहेर ओट्यावर बसायचा. बसायचा कसला, बसवला होता. एके दिवशी तो बाहेरूनच ओरडला, "पासष्ट!"

बराबर निघालं. मग वर्गाच्या ध्यानात आलं. उद्याची भाकरी लखमाच्या घरची, अन् तिचा कोपरा कुणीतरी खायला पाहिजे.

"माझा बाप जीव घेईल," पाटलाचा संतराम पुटपुटला.

"अन् कुणीच न्हाई खाल्ला तर?" फारुकनं विचारलं.

"तर लखम्या खेळातून बाद," संतराम म्हणाला.

लखमानं ते ऐकलं. तरी दुसऱ्या दिवशी तो भाकरी घेऊन आला. "मायनं इचारलं, कोण खाणार? मी म्हणलो, सांगता येत न्हाई, खेळच तसा हाय."

कोपरे पाटीवर, पाटी उंबऱ्यावर. पोरं भिंतीकडं वळली. लखमानंही पाठ फिरवली. मास्तरांचा हात थाप द्यायला उठला अन् तसाच खाली आला. पाटलाला भ्याले, दुसरं काय!

"ज्याला खायाचं त्यानं खा," ते म्हणाले.

पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

"वळा."

पाटी रिकामी. तिन्ही कोपरे गायब! संतरामचे गाल फुगलेले, फारुक ओठ पुसत होता. तिसरा कोण, ते मास्तरांच्या मिशीत अडकलेल्या भाकरीच्या कणानं सांगितलं.

लखमा पाटीकडं बघत राहिला. "मास्तर, मोजायला एकबी ठेवला न्हाई. आता सांगू काय?"

"तिन्हींची बेरीज सांग."

"एकशेऐंशी!" लखमा ओरडला, पार चावडीपर्यंत ऐकू जाईल असा.

संतरामनं घास गिळला. "म्हंजे उद्याची भाकरीबी तुझीच. संगं मिरची आण, लेका. कोरडी लागते."