जांभळ्या उजेडाची पूजा

प्लॅस्टिकवर शाई टिकत नाही. पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव छापलं, की ते गिऱ्हाइकाच्या घामेजल्या हाताला लागून घरी जातं. म्हणून छपाईआधी प्लॅस्टिकचा तागा एका धातूच्या दांडीखालून न्यायचा. दांडीत हजारो व्होल्ट, खाली रूळ, मधल्या फटीत हवा जांभळी पेटते, चरचर आवाज होतो, आणि त्यातून गेलेलं प्लॅस्टिक शाई घट्ट धरून ठेवतं. या प्रकाराला कोरोना म्हणत. तेव्हा ते नाव ऐकून कुणी तोंडाला फडकं बांधत नसे.

आमच्या डोंबिवली एमआयडीसीतल्या गाळ्यात हे यंत्र अठ्ठ्याऐंशी साली आलं आणि आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. हे म्हणजे श्रीपाद, माझे यजमान, इंजिनिअर. हवेचा प्लाझ्मा कसा होतो ते मला जेवताना, झोपताना ऐकावं लागे. मी गाळ्यात शाई कालवायचे. नमुना बघून तोच रंग उतरवावा तर मीच, असं हेही कबूल करायचे, अर्थात माझ्या माघारी.

खंडेनवमीला ह्यांनी फतवा काढला. यंत्राला हळद नाही, कुंकू नाही, झेंडूचा हार तर नाहीच. तेलकट बोट लागलं की माल वाया. यंत्र चालवणाऱ्या दगडूचं तोंड एवढंसं झालं. शेवटी बाहेर स्टुलावर पाने-पकडी मांडून मी त्यांचीच पूजा केली.

दसरा झाला आणि कल्याणच्या परशुरामशेठच्या दिवाळीच्या पिशव्या निघाल्या. त्यांवर लालभडक मोर. छपाईवर चिकटपट्टी लावून ओढायची, ही आमची परीक्षा. ओढली, तर प्रत्येक मोराच्या मानेवरून शाईचे पाच ठिपके पट्टीबरोबर निघून आले. शेठ दुपारी स्वतः नमुना बघायला येणार होते.

ह्यांनी सगळ्यांदेखत माझ्यावर ढकललं. "सांगूनसुद्धा कुंकू लावलंस ना? उद्यापासून गाळ्यात यायचं नाहीस."

मला रडू नाही आलं, संताप आला. घरी बसून मी काय करणार होते? शेजारणींच्या सुनांचे गुण मोजणार? त्या शाईच्या डब्यांमध्येच मी माझी होते, आणि हा माणूस ते एका वाक्यात काढून घेत होता.

ठिपके ठरावीक अंतरानं येत होते. म्हणजे फिरणाऱ्या कुठल्या तरी रुळावरच काहीतरी लागलेलं होतं. झाकण उघडा, मी म्हटलं. आत शॉकचा धोका म्हणून झाकणाला कुलूप, आणि किल्ली एकच, ह्यांच्या जानव्याला. हे एकदम मवाळ झाले. म्हणे, तू शाई बघ, आतलं मी बघतो, घाई काय आहे. मी हात पुढे केला तो किल्ली मिळेपर्यंत मागे घेतलाच नाही. दगडूनं मेन स्विच बंद केला.

दांडीच्या पुढच्या रुळावर पाच बोटं उमटली होती. कुंकवाची, चांगली तेलात भिजलेली.

"वहिनी, ही बोटं तुमची न्हाईत," दगडू म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

हे खाली बघत होते. "नवमीला पहाटे लावलं," ते म्हणाले. "एवढं मोठं यंत्र, बंद पडलं तर काय, अशी धास्ती वाटली गं."

"आणि तेल?"

"पाण्यात कालवलं असतं तर शॉकची भीती. म्हणून खोबरेल तेलात."

प्लाझ्मा शिकलेला माणूस! मी विचारलं, नारळ फोडलात का? फोडला म्हणाले. मग खोबरं कुठे गेलं? अख्खा नारळ पहाटे एकट्यानं संपवला होता.

मी स्पिरिटनं रूळ पुसला, दगडूनं यंत्र चालू केलं, जांभळा उजेड पुन्हा चरचरला. दुपारी शेठनी स्वतः पट्टी लावून ओढली. ती कोरी निघाली. काम कोण बघतं, त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि मला हळूच म्हणाले, उद्या आठला ये हं.

"दहाला येईन," मी म्हटलं. "तोवर तुम्ही खोबऱ्याच्या वड्या करा. गाळ्यातल्या सगळ्यांना पुरतील इतक्या."

दुसऱ्या दिवशी दहाला पोचले, तर हे डबा घेऊन दारात उभे. वड्या दगडासारख्या झाल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्या ह्यांच्यासमोर उभं राहून, एकही न टाकता खाल्ल्या.