घनसाळचं धुवण

मेहमुदा दवाखान्यातून घरी आली की पुढच्या दारानं कधी आत यायची नाही. मागच्या अंगणात चुलीवर पाणी उकळत असायचं. अंगावरची पांढरी साडी त्या पाण्यात, हात डेटॉलच्या पाण्यात, मग अंघोळ, मग पुन्हा हात. एवढं झाल्यावर उंबऱ्याच्या अलीकडं पाट टाकून ती पलीकडं खेळणाऱ्या शाहीनकडं बघत बसायची. जत्रेत काचेआडची बाहुली बघावी तशी.

"अगं, पोटची पोर हाय ती, वाघ न्हवं," सासू जुलेखाबी म्हणायची. गडमुडशिंगीत वाढलेली बाई, बोलणं सगळं शिवारातलं.

"राहू दे अम्मा. साथ सरू दे."

साल सत्तरचं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ देशोदेशी हिंडत येऊन कोल्हापुरात टेकली होती. मेहमुदा ज्या दवाखान्यात नर्स होती, तिथं मागच्या शेडमध्ये साथीचा वॉर्ड उघडला होता. खाटांना मधोमध भोकं, खाली बादल्या, आणि बादल्यांत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी. पटकीची खूण तीच. ते दिसलं की सलाईन लावायची धावपळ. मेहमुदाच्या हाताला यश होतं. झोळीत घालून आणलेली माणसं चालत घरी गेली होती. पण एका बाईनं शाहीनएवढं लेकरू पदराखाली झाकून आणलं, आणि मेहमुदाला त्याची शीर सापडेपर्यंत ते थंड पडलं. त्यानंतर हात कितीही धुतले तरी तिला ते धुतल्यासारखे वाटेनात. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. लेकीचं अंगावरचं दूध तिनं तोडलं. नवरा गौस हुपरीला चांदीच्या कामाला जायचा. त्यानं हौसेनं लेकीला पैंजण घडवून आणलं, तर हिनं ते आधी उकळून काढलं.

"चांदी हाय ती, बटाटं न्हवं!" गौस हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती.

शाहीन आता आजीलाच 'अम्मी' म्हणायला लागली होती. मेहमुदानं हाक मारली की आजीच्या पाठीमागं जाऊन लपायची. मेहमुदाला सगळ्यात जास्त ते खुपत होतं, आणि त्यावर काय करावं हेही तिला कळत नव्हतं. साथ ओसरत चालली होती, निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या होत्या. पण आपली भीती ओसरेल असं तिला वाटेना.

त्या शुक्रवारी जुलेखाबीनं आजऱ्याहून आलेला घनसाळ तांदूळ काढला. दुपारी अंगणात बसून धुतला, निथळत ठेवला, आणि पातेल्यातलं धुवण नेहमीप्रमाणं शेजारच्या अंबूबाईच्या म्हशीसाठी बाजूला काढून ती अंबूबाईला हाक मारायला गेली. तेवढ्यात शाहीन रांगत आली. पातेलं कलंडलं, घरंगळत रांजणाआड गेलं, आणि पोर त्या पांढऱ्या थारोळ्यात फतकल मारून बसली.

मेहमुदा मागच्या दारानं आत आली ती नेमकी त्याच वेळी.

तिला पातेलं दिसलं नाही. दिसलं ते पोरीखालचं पांढुरकं पाणी आणि चिंब भिजलेलं झबलं. हात धुवायचे, साडी बदलायची, सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. तिनं झडप घालून पोर उचलली आणि तशीच गल्लीत धावली.

"लालासाबचाचा, दवाखाना! हाणा लवकर!"

"कुणाला झालं, बेटी?" टांगेवाला चाचा लगाम सावरत म्हणाला.

"शाहीनला!"

राजारामपुरीतनं टांगा असा उधळला की सायकलवाले शिव्या घालत बाजूला झाले. मेहमुदानं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. "रड गं, रड एकदा," ती पुटपुटत होती. कारण वॉर्डातल्या लेकरांच्या डोळ्यांत पाणीच उरलेलं नसायचं. शाहीनला मात्र टांग्याची मजा वाटत होती. ती पाय झाडून पैंजण वाजवत होती.

वॉर्डाच्या व्हरांड्यात आया तानाबाई आडवी आली. "सिस्टर, पोर घिऊन आत न्हाय हं! हितंच थांबा, मी डॉक्टरास्नी आनतो."

डॉक्टर चहाचा कप हातात घेऊनच आले. त्यांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे बघितले, जीभ बघितली. शाहीननं स्टेथोस्कोपची नळी धरून तोंडात घातली.

"सिस्टर, ही आजारी असेल तर मग मी मेलेलोच आहे."

"पण डॉक्टर, जुलाब... धुवणासारखं..."

तिनं लंगोटाची गाठ सोडली. मांडीला तांदळाचे दाणे चिकटले होते. तिनं एक उचलला, नाकाशी नेला. गोडसर, ओळखीचा वास. दर ईदला घरभर भरून राहणारा.

"घनसाळ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

तेवढ्यात गल्लीत विचारून मागोमाग दुसऱ्या टांग्यानं निघालेली जुलेखाबी फाटकातनं धापा टाकत आली. "अंबूबाईची म्हस उपाशी, माझं धुवण मातीत, आन् ही बया पोर घिऊन पळाली! व्हय गं, काय भूतबित लागलं काय तुला?"

तानाबाई खो खो हसत सुटली. डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. त्या वॉर्डानं इतक्या दिवसांत असं हसणं ऐकलं नव्हतं. मेहमुदाही हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिला कळलं नाही.

कुणी तिला गप्प केलं नाही. तानाबाई शेजारी टेकली. "मी बी नातवाला पानी पाजलं की त्येची चादर वली झाली काय चाचपत बसतो की. सून म्हनती, म्हातारीला येड लागलं."

डॉक्टर कपात बघत म्हणाले, "आमच्या आईला मी तांदळाचं धुवण तुळशीला घालू देत नाही. कारण विचारते. काय सांगणार?" मग नळाकडं बोट दाखवून ते म्हणाले, "हात धुवा आणि घरी जा. एकदाच धुवायचे. दुसऱ्यांदा धुतलेत तर माझा अपमान समजेन."

तिनं पोर सासूकडं देऊन हात धुतले. मागं वळली तर शाहीननं आजीच्या काखेतून तिच्याकडं हात पसरले होते. टांग्याची चटक लागली होती बहुतेक. मेहमुदानं नळाकडं एकदा पाहिलं, आणि पोरीला घेतलं.

"माझं काम हलकं झालं बघ," जुलेखाबी म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

संध्याकाळी ताटात वाफाळता भात आला. मेहमुदा आज उंबऱ्याच्या आत बसली होती, पोर मांडीवर. तिनं घास कालवला. मिठानं भेगा चुरचुरल्या. शाहीननं घासाबरोबर तिचं बोटही चोखलं आणि साबणाच्या चवीनं तोंड वेडंवाकडं केलं.

"बघ," सासू म्हणाली, "पोरीला बी पटना तुझं हात धुनं."

शाहीननं पुन्हा तोंड उघडलं. मेहमुदानं दुसरा घास कालवला.