मेलेल्या माणसाची पोच

टेलरबाई दुकानाला कुलूप लावून लष्कराच्या दप्तरखान्यात आल्या, ती त्यांची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा हात हलवत परत गेल्या होत्या. शोधायचं होतं धाकट्या काकाला. लढाई ऐन भरात असताना तो सोळाव्या वर्षी घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. उंची बेताची, म्हणून घरादारात त्याचं नाव टिल्लू. फौजेत गेला म्हणावं, तर फौजेनं दोनदा लेखी कळवलेलं की या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. मग काय, लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं? कुठेतरी संसार थाटून मजेत बसला असेल, म्हणाले.

आत्यानं ते मनाला लावून घेतलं. ती टिल्लूच्या पाठची, तेव्हा नऊ वर्षांची. आता चौऱ्याऐंशीची, गुडघे कामातून गेलेत, जीभ मात्र ठणठणीत. "मेला असेल तर रडून घेते," ती म्हणायची, "आणि विसरला असेल तर शिव्या देऊन घेते. पण माझे डोळे मिटायच्या आत एक काय ते सांग गं मला."

दप्तरखान्यात दर बुधवारी एक निवृत्त फौजी बसायचे. पगार नाही, खुर्चीही मोडकी. लोकांची हरवलेली माणसं कागदांतून शोधून द्यायची एवढीच हौस. त्या दिवशी ते फाईल घेऊन आले खरे, पण चेहरा पडलेला.

"धाकट्या काकांच्या नावानं काहीच नाही," ते म्हणाले. "पण त्याच गावचा, त्याच आडनावाचा एक शिपाई सापडला. नाव तुमच्या वडिलांचं आहे. बाई, मन घट्ट करा. ते लढाईत कामी आले."

टेलरबाईंना हसूच फुटलं. "अहो, बाबा चार वर्षांपूर्वी गेले. नव्वदाव्या वर्षी, स्वतःच्या अंथरुणात. आदल्या दिवशी मी केलेल्या काजांना नावं ठेवून!"

फौजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तरी फाईलमध्ये तेच लिहिलेलं. भरतीचा अर्ज, सोबत शाळेचा दाखला, वय एकोणीस. सगळं बाबांचं. त्याखाली एक पिवळी चिठ्ठी होती, गणवेशाच्या मापांची. फौजी ती उलटून पुढे जाणार, तेवढ्यात बाईंनी तिच्यावर हात ठेवला. मापं दिसली की त्यांचे डोळे तिथे अडतातच, चाळीस वर्षांची खोड.

छाती तीस. बाही एकवीस. विजार चार इंच आखूड करून द्यावी.

"हे बाबा नव्हेत," त्या म्हणाल्या. "त्यांचे सदरे मी शिवलेत. बाही पंचवीसच्या खाली कधी आली नाही, हात म्हणजे नुसत्या काठ्या. हे एखाद्या पोराचं माप आहे." त्यांनी चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "सोळा वर्षांच्या पोराचं."

फौजींना सांगावं लागलं नाही. असे पुष्कळ होते, ते म्हणाले. वय कमी, मग थोरल्या भावाचा दाखला घ्यायचा आणि थोरल्याच्याच नावानं रांगेत उभं राहायचं. दोनदा नकार आला तो उगीच नव्हे; टिल्लूनं नावच बदललं होतं. भरतीनंतर अकरा महिन्यांनी तापानं आणि जखमेनं गेला. कुठे पुरलं तेही लिहिलेलं होतं, रांग आणि क्रमांकासकट.

अर्जावर 'जवळचे नातलग' असा एक रकाना होता. त्यात आई नव्हती, वडील नव्हते. 'धाकटी बहीण, वय नऊ,' एवढंच, आणि पुढे आत्याचं नाव.

शेवटचा कागद मात्र वेगळाच होता. निधनाच्या पत्राची ती पोच होती. पत्र आत्याच्या नावावर गेलेलं. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बहीण लहान आहे, सबब मी घेतले.' आणि सही बाबांची, पूर्ण नावानिशी. मेलेल्या माणसानं स्वतःच्याच मरणाची पोच दिली होती, अन् कचेरीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"दाखला त्यांनीच दिला असणार," फौजी हळूच म्हणाले.

टेलरबाई झेरॉक्स घेऊन घरी निघाल्या. पोचेचा कागद त्यांनी मुद्दाम वेगळा घडी घालून पर्समध्ये खोल ठेवला. आत्याला भाऊ मिळवून द्यायचा आणि त्याच दमात दुसरा हिरावून घ्यायचा, हे त्यांच्या जिवावर आलं. बाबांचा रागही आला. आत्या टिल्लूला शिव्या द्यायची, तेव्हा ते मुकाट्यानं उठून शिवणाच्या मशीनवर जाऊन बसायचे. का, ते आज कळलं.

आत्या खिडकीपाशी शेंगा सोलत होती. बाईंनी तिचे हात पुसले आणि सगळं सांगितलं. नातलगांच्या रकान्यावर तिचं बोट ठेवून दिलं. आत्या किती तरी वेळ ते बोट हलवेना.

"म्हणजे विसरला नव्हता," ती म्हणाली आणि पोटभर रडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग तिनं नाक पुसलं. "आणि पत्र? माझं नाव लिहिलंय तर पत्र मलाच आलं असेल ना?"

"ते... पोचलं नसेल गं."

"तू लहानपणापासून खोटं बोलताना मान खाजवतेस. दाखव."

बाईंनी कागद काढून दिला. आत्यानं तो डोळ्यांजवळ धरला. दादाचं अक्षर तिला ओळखायला चष्मा लागत नव्हता. आता भडका उडणार म्हणून टेलरबाई जीव मुठीत धरून बसल्या.

"आयुष्यभर एकट्यानंच सोसलंस, दादा?" आत्या म्हणाली. "अरे वेड्या, मला सांगितलं असतंस, तर मी तुझ्याजवळ बसले नसते का?"