बिनगिअरची

गिअरच्या इतक्या स्कूटरी उस्तादांच्या हाताखालून गेल्या होत्या की बिनगिअरची गाडी ही त्यांच्या लेखी गाडीच नव्हती. आणि नेमकी तीच लेकीनं दारात आणून उभी केली. तिच्या मावशीचा गुडघा नुकताच बदलला होता, आणि आईला रोज पुलापलीकडे, बहिणीच्या मदतीला जायचं होतं.

"बाबा, दोन मिनिटं समजावून सांगते," लेक म्हणाली.

"मला? स्कूटर?" उस्ताद एवढंच बोलले. लेक तरीही सांगत राहिली.

गॅरेज बंद केल्यापासून त्यांना कुणी काही विचारायला येत नव्हतं. बायकोला मागे बसवून नेणं, एवढीच काय ती उस्तादी उरली होती. ती त्यांना जिवापाड जपायची होती.

त्यांनी सवयीनं डाव्या हाताची दांडी आवळली, बटण दाबलं, आणि गाडी सुरू झाली. "बघ, क्लच आहे की! म्हणे नसतो!" खरं तर ती दांडी मागच्या ब्रेकची. ब्रेक आवळल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही. पण उस्ताद ऐकतात कुणाचं?

बायको मागे बसली. गल्लीच्या तोंडाशी उस्तादांनी दुसरा गिअर टाकायला दांडी आवळली. गाडी जागच्या जागी थबकली आणि बायकोचं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं. पुढे एक भाजीवाली आडवी आली, तेव्हा त्यांनी उजव्या पायानं करकचून ब्रेक मारला. पायाखाली ब्रेक नव्हताच. गाडी मजेत पुढे निघाली, आणि भाजीवालीच टोपली सावरत, उस्तादांच्या सात पिढ्यांची आठवण काढत बाजूला झाली.

उस्तादांनी गाडी कडेला घेऊन तिरक्या स्टँडवर लावली. खाली वाकून बघितलं, मग वर बसून बटण दाबलं. गाडी ढिम्म. "प्लग गेला," त्यांनी जाहीर केलं. "नवी असून काय उपयोग?"

बायकोनं पायाच्या अंगठ्यानं स्टँड वर ढकलला. "आता दाबा."

गाडी सुरू झाली.

"तुला कसं कळलं?"

"स्टँड खाली असला की ही सुरू होत नाही. लेक सांगत होती, मी ऐकत होते. उतरा आता."

"अगं, तुला येतं काय?"

"सायकल येते. तिचेही दोन्ही ब्रेक हातातच असतात."

तिनं मागच्या मोकळ्या गल्लीत पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. डुगडुगली, कुंपणाला घासली, पण पडली नाही. उस्ताद कडेला उभे राहून सूचना देत होते आणि ती एकही ऐकत नव्हती. शेवटी ते मुकाट्यानं मागे बसले.

पूल आला. तिनं गाडी नदीकाठच्या रस्त्याला घातली.

"अगं, ताईंचं घर सरळ आहे!"

"माहीत आहे."

"मग कुठे चाललोय?"

"इतकी वर्षं तुमच्या मागे बसले," ती समोर बघतच म्हणाली. "कुठे चाललोय, ते एकदा तरी सांगितलंत?"

उस्तादांनी आठवून पाहिलं. एकदाही नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"बरं," ते हळूच म्हणाले. "ने कुठे न्यायचंय तिथे."

"मग धरून बसा," ती म्हणाली, आणि ते धरून बसले.