माल हवेत असताना

आमच्या समोरच्या घरातला क्रेनवाला उभ्या आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून थांबला असेल, तर तो फक्त हाताच्या इशाऱ्यावर. तोंडाने सांगितलेलं त्याने बायकोचंही ऐकलं नाही आणि साहेबाचंही. गोदीत एकदा म्हणे त्याने क्रेनच्या हुकाने साहेबाच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलली, साहेबाच्या टकलाला जरा वारा लागू दिला आणि टोपी होती तशी परत ठेवली. साहेबाला पत्ताच नाही. हे मी पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच झालंय.

तर असा हा माणूस न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड जुळलं, पण पाय रुसले ते रुसलेच. पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत जायचं म्हणजे कुणीतरी उचलायला हवं. त्या खुर्चीसमोर आमचा बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा, आणि रोज सकाळी त्याला हरवणं हे माझं निवृत्तीनंतरचं एकमेव काम. म्हणजे त्याच्या त्या पलंग ते खुर्ची प्रवासात माझाही स्वार्थ होता, हे लपवत नाही.

उचलायला माणसं ठेवून झाली. पहिल्याला त्याने शिव्या घालून घालवला. दुसऱ्याने काखेत हात घालून पोत्यासारखा उचलला, तर याने त्याचा कान धरला आणि खुर्चीत टेकेपर्यंत सोडला नाही. "कानाशिवाय दुसरं धरायला होतं काय?" असं वर मलाच विचारलं. मग उरली लेक. ती घरीच मशीनवर लोकांचे पडदे शिवते. बापाला ती हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून उचलायची, जणू शेजाऱ्याचं सामान. होता होता तिची कंबर गेली. डॉक्टरांनी कमरेला रुंद पट्टा दिला.

पट्टा त्या घरात आणखी एक होता. धाकट्या मुलाचा, पांढरा. हा लिफ्टा दुरुस्त करतो, पंचेचाळिशी ओलांडलीय, आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ब्राझिलियन जुजित्सू नावाची जमिनीवरची कुस्ती शिकायला जातो. घरी येतो तेव्हा कान लाल, बोटांना चिकटपट्ट्या आणि चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद.

"या वयात लोळायला एवढ्या लांब जातोस?" ताई म्हणायची. "इथे लोळ की. फरशी तरी पुसून निघेल."

"ताई, तू एकदा बघायला तर ये."

"माझी कंबर बघ आधी."

तिचं चुकत नव्हतं. दिवसभर घरात ती एकटी. भाऊ कुठल्यातरी इमारतीत दोन मजल्यांच्या मधे अडकलेला. शेवटी तिने एका वृद्धाश्रमात खोली ठरवली. सोमवारी गाडी येणार होती. क्रेनवाल्याने हे ऐकलं आणि काहीच बोलला नाही. जो माणूस चहात साखर कमी पडली तर छप्पर डोक्यावर घेतो, तो गप्प बसला. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

मी त्या हॉलमध्ये गेलो होतो एकदा, काय प्रकार आहे ते बघायला. भिंतीला टेकून बाकावर बसलो. मॅटवर एक पोस्टमन एका शिंप्याच्या छातीवर बसला होता, आणि शिंपी त्याची बाही धरून शांतपणे काहीतरी विचार करत होता. पेशाने जनावरांची डॉक्टर असलेली बाई तिथली कोच. बुटकी, पण तिने आमच्या लिफ्टवाल्याचा गळा त्याच्याच सरावाच्या जाड कोटाच्या कॉलरने असा आवळला की माझाच श्वास अडकला. याने तिच्या दंडावर दोनदा थोपटलं. तिने त्याच क्षणी सोडलं. दोघं हसले, हात मिळवले, पुन्हा भिडले.

मी तिला गाठून विचारलं, "कुणी उगाचच थोपटलं तर?"

"तरी सोडायचं, काका. टॅप म्हणजे टॅप. खरं की खोटं ते तपासत बसलं तर तोवर हात मोडतो."

"आणि का थोपटलं ते?"

"विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल."

"हरलो म्हणायची लाज नाही वाटत लोकांना?"

"वाटते की. ज्यांना फार वाटते ते महिनाभरात खांदा बांधून घरी बसतात. ज्यांना थोपटता येतं ते उद्या परत येतात."

हे सगळं मी क्रेनवाल्याला तिखटमीठ लावून सांगितलं. पोस्टमनच्या जागी मी एक पहिलवान घातला, आणि शिंप्याला जरा बारीक केलं. पण त्याचं लक्ष त्यात नव्हतंच.

"कुणीही थोपटलं तरी सोडतात?"

"कुणीही."

"नवा असला तरी?"

"अरे, कुणीही म्हणजे कुणीही."

तो मग म्हणाला, "गोदीत तसंच होतं. माल उचल, डावीकडे घे, हे सांगणारा माणूस एकच, ठरलेला. पण 'थांब' कुणीही म्हणू शकायचं. झाडूवाल्याने हात केला तरी मी थांबायचो. आणि मला उचलतात ना, तेव्हा माझं थांब कुणी ऐकत नाही. झालं, झालं, बसलात, असं म्हणत राहतात. माल झालोय मी. मालाला कोण विचारतं?"

त्या संध्याकाळी त्याने मुलाला हाक मारली. "तो तुझा जाड कोट घालून ये."

मुलगा पलंगाला पाठ लावून खाली बसला आणि बापाचे दोन्ही हात मागून आपल्या कॉलरीत अडकवून दिले. "हा हात असा, हा याच्यावरून. आता कोपरं मागे घ्या." क्रेनचे दांडे ओढून ओढून घडलेले हात ते. लिफ्टवाल्याचा चेहरा जांभळा व्हायला वेळ लागला नाही. त्याने बापाच्या मनगटावर दोनदा थोपटलं. म्हाताऱ्याने सोडलं.

"बघू, परत."

परत आवळलं, परत थोपटलं, परत सोडलं. खुबा मोडल्यापासून त्या घरात त्याच्या हातात काही आलं असेल तर ते त्या संध्याकाळी. दाराशी उभी राहून ताई म्हणाली, "वा! आता एकाच गाडीतून दोघांना पाठवते."

"बाबा, ऐका," मुलगा गळा चोळत म्हणाला. "उद्या मी तुम्हाला उचलतो. नकोसं वाटलं की माझ्या पाठीवर दोनदा थोपटा. मी काही विचारणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

शनिवारी सकाळी मी पट मांडून बसलो. लिफ्टवाला कामावर जायच्या आधी आला. बापासमोर उभा राहून त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांनी अडवले, छातीला छाती लावली, त्याच्या पाठीमागे दोन तळवे एकमेकांवर दाबून धरले आणि डुलत डुलत हलकेच मागे झाला. म्हातारा उभा! एक शिवी नाही, कुणाचा कान नाही. मी टाळी वाजवणार, एवढ्यात म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थोपटलं. दोनदा.

आणि त्या शहाण्याने हात सोडले!

त्याला दोष काय देणार? रोज संध्याकाळी अंगात मुरवलेलं ते. डोकं मधे पडायच्या आत हात उघडले. म्हातारा मागच्या मागे पलंगावर कोसळला आणि पलंगाची फळी अशी कडाडली की आमचं मांजर अजून त्या बाजूला फिरकत नाही.

"बाबा! लागलं का? का थोपटलंत? दुखलं का?"

"विचारायचं नाही ठरलं होतं ना?" म्हातारा आढ्याकडे बघत म्हणाला. मग त्याला हसू फुटलं. "बघत होतो, थांबतोस का. थांबलास बाबा. फार थांबलास."

पण ताई धावत आली होती. मोडकी फळी, आडवा बाप, पांढराफटक भाऊ. ती हसली नाही. कमरेवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसली.

"बास झालं," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "मला रोज भीती वाटते, कळतंय का तुम्हाला? रोज सकाळी. माझ्या हातून पडले तर काय, याची. आज तुझ्या हातून पडले. सोमवारी गाडी येऊ दे."

लिफ्टवाला खाली मान घालून कामावर गेला. क्रेनवाल्याने त्या दिवशी पटाकडे बघितलंही नाही.

रविवारी सकाळी मी गेलो तर पलंगावर बसूनच त्याने माझ्याकडे पटावरचा हत्ती मागितला. ताईच्या मशीनवरचा दोरा मागितला. हत्तीच्या मानेला दोरा बांधून त्याने तो हवेत टांगला आणि दोन्ही पोरांना समोर बसवलं.

"हा माल," तो म्हणाला. "खालचा म्हणतो थांब. मी काय करतो?"

"थांबता," लिफ्टवाला म्हणाला.

"म्हणजे दोरा सोडतो?"

"नाही. धरून थांबता."

"मग काल काय केलंस? तुमच्या तिथे माणूस जमिनीवर असतो. तिथे सोडलं की सुटला. मी हवेत होतो. हवेतल्याला सोडून चालत नाही आणि ओढत नेऊनही चालत नाही. धरून थांबायचं, तो सांगेपर्यंत." हत्ती दोऱ्यावर गोल गोल फिरत होता. तो फिरायचा थांबेपर्यंत म्हाताऱ्याने दोरा तसाच धरून ठेवला. "दोन थापा म्हणजे धरून थांब. पाठीवरून हात खाली फिरवला म्हणजे हळू खाली घे. बास, दोनच इशारे."

मग तो लेकीकडे वळला. "आज तू उचल."

"मी नाही."

"एकदा. नाही जमलं तर उद्या मी स्वतः पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसेन. एक अक्षर काढणार नाही. तुला शब्द देतो."

ताईने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू बाबांना लांबून उचलतेस, म्हणून ते जड होतात. मॅटवर पहिलं हेच शिकवतात. मधे फट ठेवलीस की सगळं वजन तुझ्या कमरेवर. जवळ जा."

"जवळच तर असते."

"नाही गं. चिकटून. कान कानाला लागला पाहिजे."

ती लाजली. पन्नाशीची बाई, पडद्याच्या दुकानदारांना सरळ करणारी, बापाला मिठी मारायला लाजली. बापही कावराबावरा झाला. या घरात गळ्यात पडायची पद्धत कधी नव्हतीच. शाळेत पहिली आली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली होती, तेवढंच. मी माझ्या प्याद्यांवरची धूळ पुसू लागलो.

"बोटांत बोटं नको अडकवू. तळव्यावर तळवा. गुडघे वाकव. आता बाबांना आपल्याकडे डुलव. ओढू नकोस, डुलव. हं, आणि आता तू मागे बस, खुर्चीत बसल्यासारखी."

ती मागे झाली आणि म्हातारा वर आला. तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर, त्याची तिच्या. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "अय्या," ती म्हणाली, "एवढेच आहात तुम्ही?"

त्याने तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

लिफ्टवाल्याने दोन्ही हात पुढे केले. ती हलली नाही. धरून उभी राहिली. "काय झालं" हे तिच्या ओठावर आलेलं दिसलं, आणि तिने ते गिळलं.

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. म्हातारा तिच्या खांद्यावरून खिडकीकडे, खुर्चीकडे, पटाकडे बघत होता.

"घोडा जागेवर ठेव," तो म्हणाला.

आधीच गुपचूप पुढे सरकवलेला माझा घोडा मी जागेवर ठेवला. बसल्या जागेवरून त्याला खिडकीच्या पडद्याआडचा तो कोपरा कधी दिसत नसे. आता सांगतोच आहे तर सांगतो, माझ्या विजयांमागे त्या कोपऱ्याचा बराच हात होता.

ताई हसायला लागली. हसताना ती हलत होती आणि तिच्याबरोबर तोही हलत होता, पण हात घट्ट होते. मग त्याने तिच्या पाठीवरून तळवा हळूच खाली फिरवला. ती वळली आणि तिने त्याला असा खुर्चीत ठेवला, जसा त्याने कधीकाळी साहेबाच्या डोक्यावर टोपी ठेवली होती.

"कंबर?" भावाने विचारलं.

तिने पट्ट्यावरून हात फिरवून पाहिला. "आहे जागेवर," ती म्हणाली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज आला. उद्या गाडी नको. नाही, पुढच्या सोमवारीही नको. लागली तर मीच कळवेन.

सोमवारी भाऊ कामावर होता आणि ती एकटी. मी वेळेवर पोचलो, पट मांडला आणि दोन्ही हात मुद्दाम मांडीखाली घालून बसलो. तिने त्याला उचललं. तो उभा राहिला आणि त्याने पुन्हा दोनदा थोपटलं.

मी पटाकडे पाहिलं. सगळे मोहरे आपापल्या घरात होते. घोडेही. मी काहीही केलं नव्हतं.

तिनेही माझ्याकडे पाहिलं, मग पटाकडे. तिच्या खांद्यावर म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते. ती तशीच उभी राहिली, त्याला धरून. त्याचा हात खाली फिरायला त्या दिवशी बराच वेळ लागला. का थोपटलं, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.